वाऱ्यावर मांडलेलं बिऱ्हाड

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, स्टोनहेवन या बंदराच्या गावापासून आठ-नऊ किलोमीटर दक्षिणेला कॅटरलाइन आहे. कड्याच्या माथ्यावर एका ओळीत बांधलेली बसकी घरं, एवढंच ते गाव. घरांच्या पुढ्यातून जमीन एकदम खाली उतरते. तळाशी छोटा अर्धवर्तुळाकार उपसागर, गोट्यांनी भरलेला किनारा आणि एक दगडी धक्का. समोर उत्तर समुद्र. पूर्वेचा वारा सुटला की त्याला अडवायला मध्ये काहीही नाही. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. उन्हाळ्यातही समुद्रावरून गार धुकं चढून येतं आणि बघता बघता घरं दिसेनाशी होतात. तिथले लोक या धुक्याला ‘हार’ म्हणतात.

१९५०च्या दशकात जोन ईअर्डली नावाची एक चित्रकार या गावात येऊन राहू लागली आणि मरेपर्यंत तिने हाच किनारा रंगवला. घराच्या दारापासून खालच्या पुळणीपर्यंत आणि मागच्या शेतांच्या बांधापर्यंत चालत जायला जितका वेळ लागतो, तितकाच तिच्या या चित्रांचा परिसर. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये समुद्राची जी थोर चित्रं रंगवली गेली, त्यांतली काही या एवढ्याशा जागेत झाली.

स्कॉटलंडचा निसर्ग जगाला चित्रांमधूनच ओळखीचा झाला. पण त्या चित्रांचे दोन वेगळे वंश आहेत. एक पाहायला आलेल्यांचा, दुसरा राहिलेल्यांचा. पहिल्याने स्कॉटलंड प्रसिद्ध केलं. दुसऱ्याने ते ओळखलं. हा लेख दुसऱ्या वंशाबद्दल आहे, पण पहिल्याला वळसा घालून तिथे पोचता येत नाही.

पाहायला आलेल्यांचं स्कॉटलंड

१८१० मध्ये वॉल्टर स्कॉटचं ‘द लेडी ऑफ द लेक’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झालं आणि त्यातलं लॉख कॅट्रिन हे सरोवर पाहायला लोकांची रीघ लागली. पाठोपाठ चित्रकार आले. टर्नर १८३१ मध्ये आगबोटीने स्टाफा बेटावरची फिंगलची गुहा पाहायला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने ते चित्र लंडनमध्ये मांडलं. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया बाल्मोरलला आली आणि डोंगराळ हायलँड्समध्ये शिकारीला जाणं ही श्रीमंतांची रीत झाली. १८५१ मध्ये लँडसीअरने ‘द मॉनर्क ऑफ द ग्लेन’मध्ये रुबाबदार नर हरीण रंगवलं. ग्लासगोच्या होरेशिओ मॅकलॉकने १८६४ मध्ये ग्लेनकोची दरी रंगवली. तिच्यात ढग आहेत, कडे आहेत, हरणं आहेत. माणूस नाही.

माणूस का नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ शंभर वर्षं हायलँड्समधल्या जमीनदारांनी आपल्या कुळांना पिढीजात जमिनीवरून हुसकावून लावलं. मेंढ्या पाळणं जास्त किफायतशीर होतं. पुढे मेंढ्यांच्या जागी शिकारीची राखीव रानं आली. घरांचे आढे जाळले गेले, माणसं किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर ढकलली गेली, नाहीतर जहाजांत बसून कॅनडाला आणि ऑस्ट्रेलियाला गेली. इतिहासात याला ‘हायलँड क्लिअरन्सेस’ म्हणतात. ज्या रिकाम्या दऱ्यांना पाहुणे चित्रकार निसर्गाची भव्यता समजले, त्यातल्या अनेक दऱ्या माणसांनीच रिकाम्या केल्या होत्या.

या पाहुण्या चित्रकारांच्या परंपरेचा एक धागा थेट महाराष्ट्रातून जातो. विल्यम डॅनियल हा इंग्रज चित्रकार तरुणपणी आपल्या काकाबरोबर हिंदुस्थानात होता. १७९३ मध्ये ते मुंबईत आले. तिथे त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली. हा वेल्स ॲबर्डीनशरमधल्या पीटरहेडचा, म्हणजे कॅटरलाइनच्याच किनाऱ्यावर थोडं वर उत्तरेला. १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला आणि पुण्याच्या दरबारी पोचला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं जे एकत्र चित्र आपण पाठ्यपुस्तकांपासून पाहत आलो, ते त्याच्या हातचं. शनिवारवाड्यातल्या चित्रशाळेत त्याने शिकवलं आणि गंगाराम तांबट त्याच्याबरोबर वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं करत होता. १७९५ मध्ये वेल्स इथेच वारला. घारापुरी आणि कान्हेरी पाहिलेल्या डॅनियलने पुढे ‘अ व्हॉयेज राउंड ग्रेट ब्रिटन’ हा प्रकल्प हाती घेतला. १८१४ ते १८२५ या काळात त्यातली ३०८ रंगीत ॲक्वाटिंट चित्रं छापून आली आणि त्यातला मोठा भाग स्कॉटलंडच्या किनाऱ्याचा आहे. स्काय, स्टाफा, ऑर्कनी सगळं त्यात आहे. लेण्यांचे खांब ज्या नेमकेपणाने तो पाहत होता, त्याच नेमकेपणाने त्याने स्टाफाचे षट्कोनी खांब पाहिले. नजर उत्तम, हात स्वच्छ. पण पुढचं बंदर आलं की मागचा किनारा मागेच राहायचा.

किंटायरचा मुलगा

विल्यम मॅकटॅगर्ट १८३५ मध्ये किंटायर द्वीपकल्पावर, मॅक्रिहॅनिशजवळच्या एका छोट्या शेतकऱ्याच्या घरी जन्मला. घरची माणसं गेलिक बोलणारी. मुलाला कॅम्पबेलटाउनमध्ये औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवलं होतं, पण सोळाव्या वर्षी तो एडिनबरोला चित्रकला शिकायला निघून गेला. नाव झालं, पैसा आला, एडिनबरोजवळ घर झालं. तरी तो उन्हाळ्यात परत आपल्या किनाऱ्याकडे यायचा. मॅक्रिहॅनिशची पुळण अटलांटिकच्या थेट तोंडावर आहे. लाटा लांबून, रांगेने, न थांबता येतात.

त्याचं ‘द स्टॉर्म’ हे चित्र एडिनबरोच्या नॅशनल गॅलरीत आहे. आधी १८८३ मध्ये त्याने कॅरडेलला उघड्यावर याचं लहान चित्र केलं आणि १८९० मध्ये तोच विषय जवळजवळ दोन मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर घेतला. पहिल्या नजरेला सगळा चिखल, फेस आणि वारा. रंग तिरक्या फटकाऱ्यांनी एकाच दिशेला धावतात, गवत आणि पाणी यांतली हद्द पुसून गेली आहे. थोडा वेळ उभं राहिलं की खालच्या कोपऱ्यात अंग आवळून बसलेली मुलं दिसू लागतात. मग होडी पाण्यात ढकलणारी माणसं दिसतात. मग दूर, लाटांमध्ये, जिला वाचवायला ही सगळी धडपड चालली आहे ती नाव. माणसं त्याच रंगाची, ज्या रंगाचा किनारा. त्यांचे देह जवळजवळ पारदर्शक आहेत. त्या किनाऱ्यावर वादळ म्हणजे कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ अजून परतलेला नाही, हे मॅकटॅगर्टला शिकावं लागलं नव्हतं.

१८९५ मधलं ‘द सेलिंग ऑफ द एमिग्रंट शिप’ हे चित्र तर मला स्कॉटलंडच्या इतिहासाचंच पान वाटतं. जहाज क्षितिजावर, इवलंसं. आकाशात इंद्रधनुष्याचा एक तुकडा. आणि अलीकडे, खडकांच्या रंगात मिसळलेली, मागे राहिलेली माणसं. त्याच काळात हायलँड्सची रिकामी भव्यता विकली जात होती. ती रिकामी कशी झाली, हे या गेलिक घरातल्या मुलाने रंगवलं. फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्टांशी त्याची तुलना नेहमी होते, पण तो त्या वाटेवर आपला आपण, वाऱ्यात उभा राहून पोचला होता.

ग्लासगोच्या तरुण चित्रकारांनीही याच सुमारास एक वेगळं पाऊल उचललं. ‘ग्लासगो बॉइज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंडळींतला जेम्स गथ्री आणि त्याचे मित्र पूर्व किनाऱ्यावरच्या कॉकबर्न्सपाथ या शेतकरी गावात राहिले. गथ्रीच्या १८८३ मधल्या ‘अ हाइंड्स डॉटर’मध्ये शेतमजुराची लहान मुलगी कोबीच्या वाफ्यात हातात सुरी घेऊन उभी आहे आणि सरळ आपल्याकडे पाहते. डोंगर नाही, धबधबा नाही. कोबी आहे, ओली माती आहे आणि काम आहे.

आयोनाची पांढरी पुळण

पश्चिमेला मल बेटाच्या टोकापुढे आयोना आहे. जेमतेम पाच-सहा किलोमीटर लांबीचं हे बेट ख्रिस्ती लोकांचं तीर्थस्थान. संत कोलंबा ५६३ मध्ये आयर्लंडहून या बाजूला आला आणि त्याने इथे मठ स्थापला. चित्रकारांना मात्र या बेटाने ओढलं ते उजेडामुळे. आयोनाच्या उत्तर टोकाची पुळण शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे, म्हणून ती पांढरी शुभ्र. उथळ पाण्याखाली ही पांढरी वाळू असल्यामुळे उजेड तळावरून परत फिरतो आणि समुद्र हिरवा-निळा, आतून पेटल्यागत दिसतो. त्यात मधूनच जुने काळपट खडक आणि पलीकडच्या मलच्या किनाऱ्यावर गुलाबी ग्रॅनाइट. हे रंग पाहिले नसतील त्याला चित्रं अतिरंजित वाटतात.

फ्रान्सिस कॅडल १९१२ मध्ये इथे पहिल्यांदा आला. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, तो खंदकांत लढला, आणि परतल्यावर जवळजवळ दर उन्हाळ्यात आयोनाला येत राहिला. १९२० मध्ये त्याने मित्र सॅम्युएल पेप्लोलाही आणलं. फर्ग्युसन आणि हंटर यांच्यासह हे चौघे पुढे ‘स्कॉटिश कलरिस्ट’ म्हणून ओळखले गेले. पॅरिसमध्ये त्यांनी मातिस आणि सेझान पाहिले होते. तिथे शिकलेला रंग त्यांनी आपल्या पुळणीवर वापरून पाहिला आणि तो तिथे बसला.

कॅडलचं आयोनाचं चित्र जवळून पाहिलं की पृष्ठभाग खडूसारखा कोरडा दिसतो. तो कॅनव्हासला पांढरं, तेल शोषून घेणारं अस्तर द्यायचा, त्यामुळे तैलरंगाची चकाकी मरायची आणि उजेड रंगाच्या आतून आल्यासारखा वाटायचा. व्हार्निशने हे सगळं बिघडलं असतं, म्हणून चित्राच्या पाठीवर तो बजावून ठेवायचा की अस्तर शोषणारं आहे, व्हार्निश कधीही लावू नये. जॉर्ज सर्व्हिस या ग्लासगोच्या जहाजमालकाने त्याची चित्रं वर्षानुवर्षं विकत घेतली. तरीही १९३७ मध्ये कॅडल गेला तेव्हा हाताशी पैसा उरला नव्हता. आज तीच चित्रं स्कॉटलंडच्या प्रत्येक मोठ्या संग्रहात मानाने लागलेली आहेत.

दोरखंड, नांगर आणि हार्डबोर्ड

जोन ईअर्डली १९२१ मध्ये इंग्लंडच्या ससेक्समध्ये जन्मली. वडील पहिल्या महायुद्धात विषारी वायूने होरपळलेले. मनाने ते कधी सावरले नाहीत आणि ती आठ वर्षांची असताना त्यांनी आयुष्य संपवलं. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर आई मुलींना घेऊन ग्लासगोजवळ आली आणि १९४० मध्ये जोनने ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. पुढे टाउनहेड या ग्लासगोच्या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीत तिने स्टुडिओ घेतला. रस्त्यावरची मुलं खेळता खेळता वर यायची, ती त्यांना रंगवायची. शेजारच्या सॅमसन कुटुंबात बारा मुलं. वाहती नाकं, एकमेकांना कवळून उभ्या बहिणी, भिंतींवरची खडूची अक्षरं हे सगळं तिच्या चित्रांत आलं.

१९५० मध्ये प्रदर्शनाच्या निमित्ताने ॲबर्डीनला आली असता एका मैत्रिणीने तिला कॅटरलाइन दाखवलं. आधी कड्यावरची ‘वॉच हाउस’, म्हणजे टेहळणीची जुनी खोली मिळाली. पुढे ओळीतलं पहिलं घर तिने घेतलं. तिथे वीज नव्हती, नळ नव्हता, जमीन मातीची, छप्पर गळकं. तरी तिने तिथे रंग, बोर्ड आणि पलंग नेऊन ठेवले. ग्लासगो सोडलं नाही, पण वर्षं सरली तशी ती जास्त जास्त काळ कॅटरलाइनलाच राहू लागली. वादळाची चिन्हं दिसली की गावातून तिला फोन जायचा आणि ती ग्लासगोहून धावत यायची, असं तिच्या जवळची माणसं सांगत.

वादळाचं चित्र बहुतेक जण वादळ शमल्यावर स्टुडिओत रंगवतात. ईअर्डली वादळातच उभी राहायची. कॅनव्हास वाऱ्याला टिकत नाही, म्हणून मोठाले हार्डबोर्ड. ईझल उडून जाऊ नये म्हणून दोरखंड, दगड आणि होडीचा नांगर. अंगात जाड कोट, पायांत गमबूट. होड्यांना लावतात तो रंगही ती वापरायची. पाऊस आणि खारे तुषार ओल्या रंगावर पडायचे, वाळूचे कण चिकटायचे, आणि तिने ते काढून टाकले नाहीत.

एडिनबरोच्या संग्रहातलं १९६१ मधलं ‘द वेव्ह’ पाहा. एक पांढरी-करडी भिंत आडवी येते आहे. वर काळोखं आकाश, खाली काठाचा आधार जवळजवळ नाही. लांबून ती लाट वाटते. दोन पावलांवर गेलं की ती रंगाची झटापट होते. कुठे रुंद ब्रशने ओढलेला थर, कुठे सुरीने खरवडलेला, कुठे ओघळ सुटलेले आणि त्यात खरखरीत कण. पुन्हा मागे सरकलं की लाट परत उभी राहते. त्याच सुमाराच्या ‘समर फील्ड्स’मध्ये शेताचा बांध आहे आणि त्या रंगात खऱ्या गवताच्या काड्या आणि तुरे रुतून बसले आहेत. बांध दाखवायला बांधावरचंच गवत तिने घेतलं, इतका तिला त्या जागेचा लळा होता.

एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्यामागे तिची धारणा स्पष्ट होती. जागा जितकी जास्त ओळखीची, तितकं तिच्यातून जास्त निघतं. तिची शेतं पेरणीची वेगळी, कापणीची वेगळी. भरती वेगळी, ओहोटी वेगळी. खांबांवर वाळत टाकलेली सॅमन माशांची जाळी तिने पुन्हा पुन्हा रंगवली, काळ्या जाळीतून मागचा समुद्र दिसतो तसा. तिच्या चित्रांत मासेमारांचे चेहरे क्वचितच दिसतात, पण त्यांचं काम सगळीकडे आहे.

स्तनांचा कर्करोग झाला, तो तिने पुष्कळ दिवस लपवून ठेवला. १९६३ मध्ये रॉयल स्कॉटिश अकादमीने तिला पूर्ण सभासदत्व दिलं. त्याच वर्षी तिने ‘कॅटरलाइन इन विंटर’ रंगवलं. बर्फाळ उतार, त्यावर कलंडू पाहणारी घरांची ओळ आणि डोक्यावर दाटलेलं करडं आकाश. १६ ऑगस्ट १९६३ रोजी, वयाच्या ४२व्या वर्षी ती गेली. रक्षा कॅटरलाइनच्या किनाऱ्यावर विखुरली.

तिच्यानंतर, आणि आणखी उत्तरेला

ईअर्डलीच्या हयातीतच इतर चित्रकार कॅटरलाइनला येऊ लागले होते. तिची धाकटी मैत्रीण लिल नीलसन पुढे बरीच वर्षं इथे राहून रंगवत होती. ग्लासगोचा जेम्स मॉरिसन इथे राहिला आणि १९६५ मध्ये थोडं दक्षिणेला माँट्रोजला स्थायिक झाला. आसपासची शेतं आणि त्यांवरचं प्रचंड आकाश हा त्याचा आयुष्यभराचा विषय. तोही बोर्ड घेऊन उघड्यावर बसायचा, रंग पातळ करून वापरायचा. शेवटच्या वर्षांत त्याची दृष्टी जात चालली होती, तरी पुन्हा चित्र काढायची त्याची धडपड ‘आय ऑफ द स्टॉर्म’ या माहितीपटात आहे. २०२० मध्ये तो वारला.

त्याहून उत्तरेला ऑर्कनी बेटांवर सिल्व्हिया विशार्टने हाच धर्म वेगळ्या रीतीने पाळला. १९३६ मध्ये स्ट्रोमनेसला जन्मलेली ही चित्रकार ॲबर्डीनच्या ग्रेज स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायची आणि शेवटी आपल्या बेटावर परतली. हॉय साउंड ही सामुद्रधुनी समोर असलेल्या घरात तिने खिडकी हाच विषय केला. काचेत खोलीतल्या वस्तूंचं प्रतिबिंब, त्यातून पलीकडे समुद्र, जाणारी बोट, पक्षी, सगळं एकाच पातळीवर. ईअर्डली बाहेर जाऊन वादळात उभी राहिली, विशार्ट आत बसली. पण समोरचं पाणी वर्षानुवर्षं तेच. स्ट्रोमनेसला १९७९ मध्ये पिअर आर्ट्स सेंटर उभं राहिलं, त्यातही तिचा हात होता. छोट्या गावच्या चित्रकाराला आपल्याच गावात आधुनिक कला पाहायला मिळावी, ही साधी आणि मोठी गोष्ट त्या केंद्राने केली.

उतार धरून ठेवताना

ईअर्डलीने रंगवलेली दोन्ही जगं आता तशी राहिलेली नाहीत. टाउनहेडच्या जुन्या चाळी १९६०च्या दशकातल्या पुनर्विकासात पाडल्या गेल्या. कॅटरलाइनची घरं उभी आहेत, पण जाळी गेली. अटलांटिक सॅमन घटत गेला आणि २०१६ पासून स्कॉटलंडच्या किनारी पाण्यात सॅमन पकडून ठेवायला बंदी आली. खांबांवर वाळणारी ती जाळी आज बघायची तर तिच्या चित्रातच.

शिवाय तो उतारच सरकतो आहे. जोराच्या पावसात कड्याची माती भिजून घसरते, आणि वरच्या घरांना धोका होतो. गावकऱ्यांनी यासाठी आपला गट उभा केला. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाचे संशोधक सोबत आले, युरोपीय संघाच्या ‘ऑपरँडम’ या प्रकल्पात कॅटरलाइनची निवड झाली. इथला उपाय काँक्रीटच्या भिंतीचा नाही. ओंडक्यांची चौकट रचायची, तीत माती भरायची, विलो झाडाच्या जित्या फांद्या रोवायच्या. मुळं धरतात, माती बांधली जाते, पाणी शोषलं जातं. कुठून पाणी झिरपतं, कुठला तुकडा आधी सुटतो, हे त्या उतारावर रोज चालणाऱ्या माणसांना ठाऊक असतं आणि संशोधकांनी त्यांचं ऐकलं.

ॲबर्डीनला आणि एडिनबरोला आता बरीच मराठी कुटुंबं आहेत, फिरायला जाणारेही वाढले आहेत. त्यांना एक कळकळीची विनंती. लॉख नेस आणि किल्ले बघाच, पण एडिनबरोच्या नॅशनल गॅलरीत २०२३ मध्ये उघडलेली स्कॉटिश दालनं, ॲबर्डीनची आर्ट गॅलरी आणि ग्लासगोचं केल्व्हिनग्रोव्ह यांच्यासाठी एकेक सकाळ राखून ठेवा. प्रवेश विनामूल्य आहे. मॅकलॉकच्या ‘ग्लेनको’पुढे उभे राहा, मग मॅकटॅगर्टच्या ‘स्टॉर्म’पुढे. दोघेही स्कॉटिश, दोघांचाही हात तयार. एकाने जागा दुरून भव्य केली, दुसऱ्याने तीत कोण राहतं ते सांगितलं. हा फरक एकदा डोळ्यांना कळला की कुठल्याही किनाऱ्याचं कुठलंही चित्र तुम्ही आधीसारखं पाहणार नाही.

चित्रकाराला विषय पुरत नाहीत, म्हणून तो देश बदलतो, हे आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते खरंच वाटू लागतं. कॅटरलाइनने त्याचं उत्तर दिलेलं आहे. एका कड्यावरची घरांची ओळ, एक धक्का आणि थोडी शेतं एका थोर चित्रकाराला आयुष्याच्या शेवटापर्यंत पुरली. ती गेली तेव्हा विषय संपला नव्हता, तिचं आयुष्य अपुरं पडलं.